आधी वाचावे की आधी विचारावे?

दिवाळीच्या सुमारास घरात काहीतरी नवे येतेच. एके काळी ते शिवणाचे यंत्र असे, नाहीतर रेडिओ असे. हल्ली मोबाइल असतो, संगणक असतो, किंवा संगणकात घालावयाचा हिशेबाचा एखादा नवा प्रोग्राम असतो. वस्तूबरोबर माहितीची पुस्तिका येते. घरातली मंडळी वस्तूवर तुटून पडतात आणि पुस्तिका खोक्याच्या तळाशी तशीच राहते. प्रोग्रामची पुस्तिका तर आता छापीलही नसते. ती पडद्याच्या एका कोपऱ्यात ‘मदत’ या शब्दामागे लपून बसलेली असते. मग घोडे कोठेतरी अडते. मग शेजारच्या जाणत्या तरुणाला हाक जाते, “अरे बाळ, जरा हे बघतोस का?” बाळ दोनदा येतो, तीनदा येतो आणि चौथ्यांदा म्हणतो, “काका, सगळे त्यात लिहिले आहे. आधी वाचा, मग विचारा!”

काका दुखावतात. बाळही वैतागलेला असतो. दोघांचेही म्हणणे खोटे नसते. संगणकाच्या व्यवसायातील मंडळींत हा तंटा कित्येक दशके चालू आहे. एक पक्ष म्हणतो, ज्याने पुस्तिका वाचली नाही त्याला प्रश्न विचारण्याचा अधिकार नाही. दुसरा म्हणतो, विद्या विचारण्यानेच वाढते. विचारणाऱ्याला हटकणे हा निव्वळ उद्धटपणा होय. ऐन सणाच्या दिवसांत भांडणात पडण्याची हौस मला नाही. परंतु हे भांडण संगणकाहून फार जुने आहे, आणि त्यात आमच्या नाशिककडून एक चांगली साक्ष मिळते, म्हणून हा लेखनप्रपंच.

आपल्याकडे मुळात विद्येचे स्थान पोथीत नव्हते, गुरूच्या मुखात होते. त्र्यंबकेश्वरी आणि नाशकास वेदपाठशाळांतून मुले आजही संथा घेतात; गुरुजींनी म्हणावयाचे आणि शिष्यांनी तेच पुन्हा म्हणावयाचे. स्वर कागदावर पुरता उतरत नाही, तो कानानेच घ्यावा लागतो. म्हणून पाणिनीय शिक्षेने जे सहा अधम पाठक सांगितले, त्यांत लिहिलेले पाहून म्हणणाऱ्यालाही बसविले आहे. आपल्या घरातल्या काकांना हे कळले तर ते मोठ्या समाधानाने म्हणतील, “बघा, पुस्तिका न वाचणे हीच आपली परंपरा!”

पण थांबा. त्याच परंपरेत प्रश्नोपनिषद् आहे. सहा जिज्ञासू हातात समिधा घेऊन पिप्पलाद ऋषींकडे जातात. ऋषी त्यांना लगेच उत्तर देत नाहीत. ते म्हणतात, अजून एक वर्ष तप, ब्रह्मचर्य आणि श्रद्धा यांसह येथे राहा. मग हवे ते प्रश्न विचारा. आम्हांस ठाऊक असेल तर सर्व सांगू. या छोट्याशा अटीत दोन गोष्टी आहेत. विचारणाऱ्याने तयारी करून यावे, ही एक. आणि तयारी करून आलेल्यास जाणत्याने हातचे राखून न ठेवता सांगावे, ही दुसरी. वाद घालताना लोक पहिली तेवढी लक्षात ठेवतात आणि दुसरी विसरतात.

मराठीत लिहिलेल्या सूचनांनाही आमच्या भागाशी नाते सांगता येते. नाशिकजवळच्या टाकळीस समर्थ रामदासांनी बारा वर्षे तपाचरण केले. त्यांच्या दासबोधातील एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर कसे असावे, ओळी कशा याव्यात, भोवती जागा किती सोडावी, लेखणी आणि शाई यांची निगा कशी राखावी, हे सारे त्यात सांगितले आहे. अध्यात्माच्या ग्रंथात ही कारकुनी कशाला, असे वाटेल. परंतु छापखाने नव्हते. ग्रंथ टिकावयाचा तर नकलणारा हात तयार झाला पाहिजे, आणि प्रत्येक हात धरून शिकविण्यास समर्थ थोडेच जाणार होते! शिकविणारा जेथे पोहोचू शकत नाही तेथे त्याचे शब्द पोहोचावेत, यासाठी सूचनापुस्तिका असते. दासबोधातला तो समास म्हणजे लिहिण्याच्या कलेची एक उत्तम सूचनापुस्तिकाच आहे.

आता मुख्य साक्षीदाराकडे वळू. धुंडिराज गोविंद फाळके, अर्थात दादासाहेब, यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरास झाला. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. पुढे ते मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकवू लागले. म्हणजे मुलाच्या कानांवर लहानपणी संथाच पडली. पण शिकला तो निराळेच. १८८५ साली तो मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेला, १८९० साली बडोद्याच्या कलाभवनात. कलाभवनाचे प्रमुख त्रिभुवनदास गज्जर हे रसायनशास्त्राचे मोठे जाणकार. धंदेशिक्षण देशी भाषेतून द्यावे या मताचे. त्यांनी या विद्यार्थ्यास छायाचित्रणाची शाळा वापरू दिली आणि पुढे तीन रंगांचे ठसे करण्याची विद्या शिकण्यासाठी रतलामला बाबुलाल वरुवळकर यांच्याकडे धाडले. पुस्तकाला हाताची आणि हाताला पुस्तकाची जोड कशी द्यावयाची, हे फाळके येथे शिकले. छायाचित्रण, छपाई, जादूचे प्रयोग असे अनेक उद्योग त्यांनी केले. १९०९ साली रंगीत छपाईची यंत्रे पाहण्यासाठी ते जर्मनीलाही जाऊन आले.

१९११ सालच्या ईस्टरच्या सुमारास गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि पडद्यावर आपले राम-कृष्ण आणावयाचे, असे मनाने घेतले. वय एकेचाळीस, हातचा धंदा सुटलेला, पदरी संसार. या देशात चित्रपट कसा करावयाचा हे सांगणारा कोणी नाही. विचारावयाचे तरी कोणाला? तेव्हा त्यांनी वाचावयास घेतले. लंडनहून निघणाऱ्या ‘बायोस्कोप’ या साप्ताहिकाचे ते वर्गणीदार झाले. चलच्चित्रणाची ए-बी-सी शिकविणारे पुस्तक त्यांच्या हाती आले होते, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. एक लहानसा कॅमेरा आणि काही रिळे त्यांनी पैदा केली; रात्री मेणबत्तीचा उजेड भिंगातून पाठवून चित्रे भिंतीवर पाडावयाची, आणि दिवसा चार-चार, पाच-पाच तास चित्रपट पाहावयाचे. डोळे बिघडले, काही काळ दिसेनासे झाले. डॉक्टर प्रभाकर यांनी एकामागून एक चष्मे देऊन दृष्टी परत आणली. वाचून-पाहून शिकण्याची किंमत या माणसाने अशी रोखीने मोजली आहे.

तरी एवढ्याने चित्रपट येत नाही, हेही त्यांना कळत होते. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला निघाले. ओळखपाळख कोणाचीच नाही. पिकॅडिलीजवळ त्यांना ‘बायोस्कोप’ची पाटी दिसली आणि ते सरळ संपादक केबर्न यांच्यापुढे जाऊन उभे राहिले. संपादकांनी आधी त्यांना परावृत्तच केले. हा धंदा भल्याभल्यांना बुडवतो, शिवाय हिंदुस्थानची हवा याला मानवणार नाही, अशी त्यांची समजूत. पण समोरचा मनुष्य आपल्या साप्ताहिकाचा वर्गणीदार, आणि नुसता वर्गणीदार नव्हे, वाचक! त्यांचा विरोध मावळला. त्यांनी फाळक्यांची सेसिल हेपवर्थ यांच्याशी गाठ घालून दिली. टेम्सच्या काठी वॉल्टन येथे हेपवर्थ यांचा चित्रपटांचा कारखाना होता. ‘सिनेमॅटोग्राफची ए-बी-सी’ अशा उपशीर्षकाचे पुस्तक १८९७ साली लिहिणारे ते हेच गृहस्थ. त्यांनी सर्व विभाग फाळक्यांना मोकळेपणी पाहू दिले. पन्नास पौंडांचा विल्यमसन कॅमेरा, फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र आणि कोडॅकची कच्ची फिल्म यांची मागणी नोंदवून फाळके १ एप्रिल १९१२ रोजी परतले. लंडनमधला मुक्काम अवघा दोन आठवड्यांचा!

या दोन आठवड्यांचे मला नेहमी आश्चर्य वाटते. कोराच मनुष्य तेथे गेला असता तर दोन आठवडे ‘हे काय, ते काय’ यातच संपले असते. फाळक्यांनी यंत्रांची नावे, त्यांची कामे, कामांचा क्रम हे सारे आधी मुखोद्गत केले होते. त्यामुळे हेपवर्थांच्या कारखान्यात त्यांनी पाहिले ते पुस्तकात न मावणारे असणार: हात किती वेगाने फिरवावयाचा, अंधारखोलीत फिल्म कशी धरावयाची, नेमके चुकते कोठे. पुस्तक वाचले म्हणून प्रश्न संपत नाहीत. ते नेमके होतात, आणि नेमक्या प्रश्नाला उत्तर देण्यास जाणत्यालाही आनंद वाटतो. केबर्न आणि हेपवर्थ या परक्या माणसांनी फाळक्यांना इतके दिले, यात त्यांचा भलेपणा आहेच. पण विचारणाऱ्याची तयारीही आहे.

मे १९१२ मध्ये यंत्रे मुंबईत आली. मांडून देणारा कोणी कारागीर बरोबर आला नव्हता. आला होता एक आराखडा. त्यावरून फाळक्यांनी चार दिवसांत सारी जोडणी केली. मग भांडवलवाल्यांची खात्री पटविण्यासाठी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडेथोडे चित्रण करीत महिनाभराची वाढ मिनिटभरात दाखविली. तीच ‘अंकुराची वाढ’.

येथवरची कथा ऐकून ‘आधी वाचा’ म्हणणारे खूष होतील. पण याच घरात त्यांना निरुत्तर करणारी व्यक्ती होती. ती म्हणजे सरस्वतीबाई फाळके.

त्या काळी कच्ची फिल्म भोके न पाडलेली येई. एका फुटात सोळा चित्रे आणि प्रत्येक चित्राच्या दोन्ही कडांना चार-चार भोके. म्हणजे फुटाला एकशे अठ्ठावीस. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी सुमारे ३७०० फूट. तेव्हा एकाच प्रतीला पावणेपाच लाखांच्या घरात भोके झाली! यंत्र भोके पाडी हे खरे, पण फिल्म त्यात सरकवावयाची ती अंधारात, चाचपत. एक भोक तिरके गेले की पडद्यावर चित्र उडी मारणार. हे काम सरस्वतीबाई करीत. फिल्म धुणेही त्या शिकल्या. शिवाय नटमंडळींचा सगळा स्वयंपाक होताच. लंडनची साप्ताहिके आणि इंग्रजी पुस्तके त्यांच्या उपयोगाची नव्हती. त्या शिकल्या त्या पाहून, विचारून आणि करून. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, त्यात त्यांचा वाटा नवऱ्याच्या बरोबरीचा मानला पाहिजे. ‘आधी वाच, मग विचार’ असे फाळक्यांनी घरात म्हटले असते तर भोके पाडावयास त्यांना दुसरे कोण मिळाले असते?

म्हणजे नियम एकट्याने पुरा होत नाही. आधी वाच म्हणावयाचे तर वाचणाऱ्याला ती भाषा यावी लागते, सवड असावी लागते, आणि लिहिणाऱ्याने नीट लिहिलेले असावे लागते. ज्याला हे मिळाले त्याच्यावर पुढच्याला सांगण्याचे ऋण चढते. फाळके या ऋणाला जागले. १९१३ साली त्यांनी आपला कारखाना नाशिकला आणला. ‘मोहिनी भस्मासुर’ आणि ‘सत्यवान सावित्री’ हे चित्रपट येथलेच. पुढे १९१७-१८ मध्ये ‘नवयुग’ मासिकात त्यांनी भारतीय चित्रपटावर मराठीत लेखमाला लिहिली. १९१७ च्याच सुमारास ‘चित्रपट कसे तयार करतात’ या नावाचा एक छोटा चित्रपटही त्यांनी काढला. विद्या झाकून ठेवण्यात धंद्याचा फायदा असतो, असे समजले जाते. ज्याने डोळ्यांची किंमत देऊन विद्या मिळविली त्याने ती पडद्यावर उघडी करून दाखवावी, याला मी मोठेपणा म्हणतो.

जवळपास त्याच काळी दक्षिण महाराष्ट्रात दुसरा मनुष्य याच प्रश्नाशी उलट बाजूने झगडत होता. लक्ष्मणराव किर्लोस्कर यंत्रविद्या शिकले त्यात परदेशी मासिकांचे वाचन मोठे होते. पण त्यांचे गिऱ्हाईक म्हणजे शेतकरी. लोखंडी नांगराने जमीन नासते, अशी त्याची समजूत. दोन वर्षे नांगर खपेनात. त्याच्या हाती इंग्रजी सूचीपत्र देऊन काय होणार? १९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढली. कारखान्याच्या मालाची खबर देणारे ते पत्रक वाढत वाढत ‘किर्लोस्कर’ मासिक झाले आणि महाराष्ट्राच्या घराघरांत गेले. गिऱ्हाईक वाचत नाही, अशी कुरकुर करण्यापेक्षा त्याने वाचावे असे काही त्याच्या भाषेत लिहावे, हा धडा त्यात आहे.

नाशकात हा प्रश्न पुढे दोनदा मोठ्या प्रमाणावर आला. १९६४ साली ओझरला मिग विमानांचा कारखाना उभा राहिला. यंत्र सोव्हिएत बनावटीचे, मूळ कागदपत्रे रशियन भाषेतली. तेथे अंदाजाने स्क्रू पिळून चालत नाही. कागद आधी समजेल अशा भाषेत आणावा लागतो, मग वाचावा लागतो, आणि तरीही शंका उरली तर विचारावेच लागते. विमानाच्या बाबतीत विचारावयास लाजणारा मनुष्य न वाचणाऱ्याइतकाच धोक्याचा.

दुसरा प्रसंग १९८९ सालचा. त्या वर्षी नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. ज्याला नोकरी, शेत किंवा चूल सोडून वर्गात बसता येत नाही त्याने घरी पुस्तक वाचावे, म्हणून स्वतःच शिकता येईल अशा रीतीने लिहिलेली मराठी पुस्तके. आणि पुस्तकाने न सुटलेली शंका विचारण्यासाठी जवळच्या अभ्यासकेंद्रात संमंत्रक. आधी वाचन, मग प्रश्न. पण वाचन आपल्या भाषेत आणि प्रश्नाला उत्तर देणारा मनुष्य हजर. पिप्पलादांच्या दोन्ही अटी येथे विद्यापीठाच्या कारभारात बसविलेल्या दिसतात.

हे सारे इतिहासाचे झाले; परंतु त्याचा घाव आजच्या घरातही बसतो. माझ्या परिचयाच्या एक वृद्ध शिक्षिकाबाई आहेत. पेन्शन चालू राहण्यासाठी दरवर्षी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. आता तो मोबाइलवरूनही देता येतो. चेहरा कॅमेऱ्यासमोर धरावयाचा आणि डोळ्यांची उघडझाप करावयाची. बाईंनी सूचना दोनदा वाचल्या, अडले तेथे वहीत लिहून घेतले आणि ती वही घेऊन त्या एका कचेरीच्या खिडकीपाशी गेल्या. प्रश्न एकच होता. पलीकडून मान वर न करता उत्तर आले, “सगळे लिहिलेले आहे, वाचा.” बाई मला म्हणाल्या, “चाळीस वर्षे मुलांना ‘वाचा’ म्हणून सांगितले. पण कोणी वाचून शंका घेऊन आले, तर त्याला परत ‘वाच’ म्हणून कधी पाठवले नाही हो!”

या वाक्यापुढे माझ्याजवळ फारसे काही शिल्लक राहत नाही. न वाचता विचारणाऱ्याला ‘आधी वाच’ म्हणणे हे शिक्षण आहे. वाचून आलेल्याला तेच म्हणणे ही हाकलपट्टी आहे. दोहोंतला फरक ओळखावयाचा तर एक साधा प्रश्न पुरे: “तुम्ही कोठपर्यंत आलात?” शेजारच्या बाळाने काकांना एवढे विचारावे. काकांनीही बाळाला हाक मारण्यापूर्वी खोक्याच्या तळाची पुस्तिका काढून निदान दोन पाने चाळावीत आणि नेमके कोठे अडले ते सांगावे. पुस्तिका इंग्रजीत असेल, काकूंना कळत नसेल, तर बाळाने दिवाळीच्या सुट्टीत चार ओळी मराठीत लिहून त्या कपाटाच्या दाराला चिकटवाव्यात. ही सूचना अगदी किरकोळ आहे, हे मला ठाऊक आहे. पण घरोघरची निम्मी कुरबुर तिने मिटेल.

नाशिकला याल तेव्हा पांडवलेण्यांच्या पायथ्याशी दादासाहेब फाळक्यांचे स्मारक आहे, ते मुलांना दाखवा. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशकातच त्यांनी देह ठेवला. मुलांना त्यांच्या चित्रपटांची गोष्ट सांगाच. पण चार दिवसांत आराखडा वाचून यंत्र जोडणाऱ्या या माणसाची, आणि तो आराखडा न वाचता त्याच्या इतकेच काम करणाऱ्या त्याच्या पत्नीचीही गोष्ट सांगा. दोन्ही ऐकलेले मूल मोठेपणी वाचायला कंटाळणार नाही, आणि सांगायलाही.